केसपेपरची रॅक, काकांची स्मरणशक्ती आणि एक लॅपटॉप: छोटं क्लिनिक कॉम्प्युटरवर नेताना

गेल्या महिन्याभरात तीन डॉक्टर मैत्रिणींचे फोन आले, तिघींचा प्रश्न एकच, "तू ते क्लिनिकचं सॉफ्टवेअर घेतलंस ना, कसं जमवलंस सगळं?" तिसऱ्यांदा तेच तेच सांगून घसा बसल्यावर म्हटलं लिहूनच काढावं.

मी जनरल प्रॅक्टिस करते, सिंहगड रोडला आनंदनगरच्या जवळ, २२ वर्षं झाली. दोन खोल्या, मी, पहिल्या वर्षापासून बरोबर असलेले कंपाउंडर काका, आणि संध्याकाळी झाडलोट करणाऱ्या मावशी. दिवसाला ४०-४५ पेशंट. कॉम्प्युटर या विषयात माझी गती म्हणाल तर मुलाने लावून दिलेला सिनेमा बघण्याइतपत. २०१५ मध्ये एकदा हौस केली होती, ओळखीतल्या एका मुलाने एक प्रोग्रॅम टाकून दिला, आठ महिने मनोभावे नोंदी केल्या आणि एका सकाळी हार्ड डिस्क गेली. बॅकअप नावाचा प्रकार असतो हे मला त्या दिवशी कळलं. त्यानंतर नऊ वर्षं त्या वाटेला गेले नाही.

जानेवारी २०२४ मधली गोष्ट. रात्री साडेदहाला एका हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीतून फोन. माझ्या एक पेशंट आजी बाथरूममध्ये पडल्या होत्या, डोक्याला मार, आणि तिथल्या डॉक्टरांना माहिती हवी होती की वॉरफेरिन, म्हणजे रक्त पातळ ठेवणारी गोळी, किती मिलिग्रॅम चालू आहे आणि शेवटचा आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) किती. चालू आहे हे मला माहीत होतं, पण डोस महिन्यापूर्वीच मी बदलला होता आणि नेमका किती केला ते काही केल्या आठवेना. घरच्यांना "ती गुलाबी गोळी" एवढंच माहीत. काकांना फोन केला. ते धायरीहून स्कूटर काढून क्लिनिकवर गेले, कुलूप उघडलं, आणि बाराव्या मिनिटाला केसपेपरचा फोटो माझ्या फोनवर. आजी वाचल्या, आजही येतात. पण मला त्या रात्री झोप लागली नाही, कारण डोक्यात एकच, काका ६३ वर्षांचे आहेत आणि हे क्लिनिक त्यांच्या डोक्यात आहे.

आमची पद्धत जरा सांगते कारण पुढे तिचाच घोळ आहे. प्रत्येक घराला एक नंबर. समजा ४१७, तर त्या नंबरच्या खाकी पाकिटात आजोबा, आजी, मुलगा, सून, नातवंडं सगळ्यांचे पेपर. पेशंट दारात दिसला की काकांचा हात रॅककडे जातो, नाव विचारावं लागत नाही. मुलगी लग्न होऊन गेली, बाळंतपणाला माहेरी आली, की तिचा पेपर पुन्हा माहेरच्या पाकिटात. हे कुठेही लिहिलेलं नव्हतं.

फेब्रुवारी-मार्च डेमो बघण्यात गेले. पाच कंपन्या बघितल्या. सगळे सेल्सवाले तरुण, चुणचुणीत, टाय वगैरे, आणि सगळे सुरुवात करतात ती रंगीत आलेखांनी, महिन्याचं उत्पन्न, पेशंटची वाढ, आणि काय काय. मला ते नको होतं. तिसऱ्या डेमोपर्यंत मी शहाणी झाले आणि बसल्या बसल्या चार प्रश्न विचारायला लागले, ते तुम्हीही विचारा. मी पैसे भरणं बंद केलं तर माझा डेटा मला कुठल्या स्वरूपात मिळेल? (एकजण म्हणाला "मॅडम, प्रत्येक पेशंटची पीडीएफ देऊ". तीन हजार पीडीएफ घेऊन मी काय करू? एक्सेलमध्ये उघडेल अशी फाइल मिळायला हवी, आणि ती तुमच्यासमोर काढून दाखवायला सांगा.) इंटरनेट बंद असताना काय चालतं? एका मोबाइल नंबरवर किती पेशंट नोंदवता येतात? आणि औषध कसं घ्यायचं ते मराठीत छापता येतं का? चौथ्या प्रश्नावर दोघं गळाले. तिसऱ्यावर आणखी एक, कारण त्यांच्याकडे प्रत्येक पेशंटला वेगळा मोबाइल नंबर सक्तीचा होता. आमच्याकडे अख्ख्या घराचा एक नंबर, तोही सुनेचा. कंपनीच्या करारात "नावं काढून टाकलेला डेटा आम्ही वापरू शकतो" असं एक कलम होतं ते मी खोडायला लावलं, २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाल्यापासून ते लोकही फार ताणत नाहीत.

शेवटी जे घेतलं त्याचं वर्षाचं भाडं १२ हजार अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे १४ हजार १६०. इथे एक बारीक गोष्ट. डॉक्टरांची सेवा जीएसटीतून मुक्त असल्यामुळे आपण भरलेला हा जीएसटी कुठे वळता करून घेता येत नाही, तो आपल्याच खिशातून. आणि मी प्राप्तिकराचं रिटर्न कलम ४४ एडीए खाली, म्हणजे खर्चाचा हिशोब न देता ठोक पद्धतीने, भरते त्यामुळे लॅपटॉपचा घसारा वगैरे वेगळा दाखवायचा प्रश्नच नाही, हे सीएने आधीच सांगून माझा उत्साह ठिकाणावर आणला.

लॅपटॉप ४२ हजार, काळा-पांढरा लेझर प्रिंटर साडेचौदा. डेस्कटॉप स्वस्त पडला असता पण पुण्यात राहणाऱ्याला गुरुवार सांगायला नको, पाणी बंद नाहीतर दुरुस्तीसाठी लाइट बंद, कधी दोन्ही. लॅपटॉप चार तास चालतो. पण पहिल्याच गुरुवारी लक्षात आलं की लॅपटॉप चालू आणि वायफायचा राउटर मेलेला. मग तपकीर गल्लीत जाऊन राउटरसाठी छोटा यूपीएस आणला, १४०० रुपये, डबीएवढी वस्तू आहे, आणि अख्ख्या खरेदीत सर्वात उपयोगी तीच निघाली. प्रिंटर मात्र इन्व्हर्टरवर लावू नका, लेझर प्रिंटर सुरू होताना इतका भार खेचतो की आमचा छोटा इन्व्हर्टर किंचाळायलाच लागला.

एप्रिल ते जून, जुने पेपर भरणे. सगळा जीव यातच गेला, सॉफ्टवेअर शिकायला तीन दिवस पुरले. सगळ्या २२ वर्षांचे पेपर भरायचे नाहीत हे पहिल्या दिवशी ठरवलं, गेल्या तीन वर्षांत एकदा तरी आलेले तेवढेच. ते निघाले ३१००. सोसायटीतल्या दोन कॉलेजच्या मुली सुट्टीत लावल्या, पेपरमागे ४ रुपये, म्हणजे १२ हजार ४००. त्यांच्याकडून आधी माहिती बाहेर न सांगण्याचा कागद लिहून घेतला, आणि काही पाकिटं, कुठली ते डॉक्टरांना कळेल, मी त्यांच्या हाती दिलीच नाहीत, रविवारी स्वतः भरली.

अडचणी कुठे येतील याचा अंदाज सगळा चुकला. मला वाटलं माझं अक्षर वाचता येणार नाही, पण ते मुलींना दोन दिवसांत यायला लागलं (एकीने तर "मॅडम, तुमचा टी आणि एफ सारखाच" असं तोंडावर सांगितलं). खरा त्रास नावांचा. वाघ कोणी डब्ल्यूने लिहितं कोणी व्हीने, क्षीरसागर तर चार प्रकारे, आणि शोधताना एक अक्षर चुकलं की सॉफ्टवेअर म्हणणार असा पेशंटच नाही. जन्मतारखा ही आणखी एक गंमत, सत्तरीच्या पुढचे निम्मे पेशंट १ जूनला जन्मलेले, शाळेत गुरुजींनी जी घातली ती. वाढदिवसाच्या आपोआप शुभेच्छांचं बटण मी तेव्हाच बंद केलं. आणि सॉफ्टवेअरमध्ये घर नावाची गोष्टच नव्हती. पेशंट सुटे सुटे. काका दोन दिवस बघत होते, तिसऱ्या दिवशी म्हणाले, "मॅडम, ही मोकळी चौकट आहे ना 'जुना नंबर' म्हणून, तिथं पाकिटाचा नंबर टाका की." टाकला. ४१७ टाइप केलं की सगळं घर स्क्रीनवर. कंपनीच्या माणसाला दाखवलं तर तो फोटो काढून घेऊन गेला.

१ जुलैला सुरू केलं. सोमवार, शिवाय डॉक्टर्स डे, म्हटलं मुहूर्त बरा आहे. अजिबात बरा नव्हता. पालख्या पुण्यात मुक्कामाला, रस्ते बंद, आणि पावसाळा म्हणजे ताप, जुलाब, डेंग्यूची धास्ती, आमचा सर्वात गर्दीचा काळ. ज्यांना करायचंय त्यांनी जानेवारी-फेब्रुवारीत करा, निदान जूनच्या आधी. पहिल्या दिवशी रात्री सव्वाअकराला घरी पोचले. एका पेशंटला नेहमीच्या सहा मिनिटांऐवजी बारा लागत होती. चौथ्या दिवशी एक आजोबा उठता उठता म्हणाले, "बाई, आज तुम्ही मला बघितलंच नाही, टीव्हीच बघत बसलात." ते फार लागलं. त्या रात्री टेबल फिरवलं, स्क्रीन अशी ठेवली की मला आणि पेशंटला दोघांना दिसेल, आणि आधी तपासणी-बोलणं पूर्ण करून मगच टाइप करायचं. आता लोक स्वतः स्पेलिंग सुधारतात, "अहो डॉक्टर, ते शुगरचं १४० नाही, १०४ होतं."

काउंटरच्या स्क्रीनचं मात्र उलटं. एक बाई काकांशी बोलता बोलता वाकून बघत होत्या आणि एकदम, "अगंबाई, त्या वरच्या मजल्यावरच्या सूनबाई पण येतात का तुमच्याकडे? काय झालंय तिला?" कागदाच्या वेळी पाकीट बंद असायचं. दुसऱ्या दिवशी स्क्रीनला बाजूने न दिसणारी काळी फिल्म लावली आणि काकांना वेगळा पासवर्ड दिला, त्यांना नाव-नंबर-पैसे दिसतात, आजाराचं निदान दिसत नाही. काका आधी थोडे दुखावले. मी म्हटलं काका, उद्या तुमच्या जागी दुसरं कोणी आलं तर? त्यावर ते काही बोलले नाहीत.

आता माझी चूक, जी सांगायला नको वाटते. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात एका बाईंना लघवीच्या इन्फेक्शनसाठी कोट्रायमॉक्साझोल लिहिलं, प्रिंट काढलं, त्या दारापर्यंत गेल्या आणि परत फिरल्या. "डॉक्टर, माझ्या कागदावर लाल पेनाने काहीतरी असायचं ना?" सल्फाची ॲलर्जी, आणि कोट्रायमॉक्साझोल हे सल्फाचंच औषध. त्यांच्या पेपरच्या वरच्या कोपऱ्यात वर्षानुवर्षं लाल अक्षरात होतं. मुलींना मी फॉर्मचे रकाने समजावले होते, निदान, औषधं, बीपी, शुगर. लाल पेनाचा अर्थ काय हे सांगितलंच नव्हतं, कारण मला ते सांगण्यासारखं काही वाटलंच नव्हतं. ॲलर्जीचा रकाना होता, रिकामा होता. मी त्यांची माफी मागितली, औषध बदललं, आणि मग पुढचे तीन रविवार काका आणि मी ३१०० पेपर पुन्हा एकदा हातात घेतले, फक्त लाल शाई शोधत. ८७ निघाले. प्रत्येक क्लिनिकची अशी स्वतःची एक खूण असते, कोणी पेपरचा कोपरा दुमडतं, कोणी चांदणी काढतं. डेटा एंट्री सुरू करायच्या आधी कंपाउंडरला बसवून त्या सगळ्या खुणांची यादी करा.

याच काळात औषध निवडायच्या यादीची पण भीती बसली. दोन अक्षरं टाइप केली की दहा नावं येतात आणि घाईत ५ मिलिग्रॅमच्या जागी १० वर बोट पडतं. म्हणून प्रिंट हातात देताना मी प्रत्येक ओळ मोठ्याने वाचते, पेशंटला वाटतं मी त्यांना समजावतेय, खरं तर मी मलाच तपासत असते.

छापील चिठ्ठीचा फायदा मात्र पहिल्या आठवड्यातच दिसला. औषधांची जेनेरिक नावं सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या लिपीत लिहा हे मेडिकल कौन्सिलने २०१६ मध्येच सांगितलंय, हाताने ते कितपत पाळलं जायचं हे आपण सगळे जाणतो. केमिस्टचे दिवसाला पाच-सहा फोन यायचे ते थांबले. आणि मराठीत "सकाळी नाश्त्यानंतर १, रात्री जेवणानंतर १" छापून आल्यावर एका मावशींनी ती चिठ्ठी तिथेच उभ्या उभ्या पूर्ण वाचली. म्हणाल्या, बावीस वर्षांत पहिल्यांदा वाचता आली. अक्षर १४ पॉइंटचं ठेवलंय. जुन्या लेटरहेडवरचा मराठी मजकूर डीटीपीवाल्याने जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये केला होता, तो चिकटवला की चित्रविचित्र अक्षरं यायची, तो नव्याने टाइप करावा लागला.

मग २५ जुलै. गुरुवारच होता. रात्रभर पाऊस, खडकवासल्यातून सोडलेलं पाणी, आणि सकाळी नदीकाठच्या एकतानगरीत पाणी शिरलं. माझं क्लिनिक वाचलं, पण माझ्या पेशंटची बरीच घरं तिथली. लाइट नाही. दुपारपासून लोक यायला लागले, कोणी जखम घेऊन, आणि बरेचसे नुसतेच, "डॉक्टर, गोळ्या वाहून गेल्या, फाइल भिजून लगदा झाली, काय चालू होतं ते आठवत नाही." बीपी, शुगर, थायरॉइड, फिट्सच्या गोळ्या. इंटरनेट राउटरच्या त्या डबीवर अडीच तास चाललं, नंतर मोबाइलच्या हॉटस्पॉटवर. प्रिंटर बंद होता म्हणून मी स्क्रीनवर बघून हाताने लिहून देत होते आणि काका ओरडून घर नंबर सांगत होते, १८२, ६०५, ३३. त्या आठवड्यात मी साठ-सत्तर घरांना त्यांची औषधांची यादी आणि जुन्या रिपोर्टचे आकडे दिले. हे जूनच्या आधी झालं असतं तर रॅकमधून पाकिटं काढून दिली असतीच म्हणा, पण रॅक तेव्हा तळमजल्यावर होती, आणि पाणी आमच्यापासून फार लांब नव्हतं.

ऑगस्टमध्ये सरकारी नोंदणीच्या मागे लागले. आयुष्मान भारत डिजिटल मिशन, म्हणजे आरोग्याच्या नोंदी डिजिटल करायची केंद्र सरकारची योजना, सप्टेंबर २०२१ पासून देशभर आहे, त्यात डॉक्टरची नोंदणी वेगळी आणि क्लिनिकची वेगळी. मी केली तेव्हा सक्ती नव्हती. डॉक्टरची नोंदणी आधार ओटीपीने सुरू होते आणि तिथेच मी अडकले, आधारवर सासरचं नाव, कौन्सिलच्या सर्टिफिकेटवर माहेरचं. लग्नाचं सर्टिफिकेट बँकेच्या लॉकरमध्ये, लॉकरची किल्ली नवऱ्याकडे, नवरा नागपूरला. ते मिळाल्यावर स्कॅन करून जोडलं, मग पडताळणी, एकूण पाच आठवडे. मैत्रिणींनो, हा कागद आधी शोधून ठेवा. क्लिनिकच्या नोंदणीला बोर्डाचा फोटो लागतो, माझा बोर्ड झाडाआड, फांदी धरायला काका. आता काउंटरवर क्यूआर आहे, आभा (याच योजनेतलं पेशंटचं आरोग्य खातं) ॲप असलेल्याने स्कॅन केलं की नाव-वय-पत्ता थेट आमच्याकडे येतो. वापरणारे अजून कमी, बहुतेक आयटीतली मुलं. ज्येष्ठांना १४ आकडी आभा नंबर काढून द्यायचं काम काकांनी अंगावर घेतलंय, पण ज्याला नकोय त्याला आम्ही आग्रह करत नाही.

निरोपांचं थोडक्यात. मराठी एसएमएस ७० अक्षरांचाच बसतो, इंग्रजी १६०, त्यामुळे "आपली बीपी तपासणीची तारीख" म्हणेपर्यंत दुसऱ्या मेसेजचे पैसे लागतात. शिवाय प्रत्येक मजकूर आधी नोंदवून मंजूर करून घ्यावा लागतो, आमचा दोनदा परत आला. व्हॉट्सॲप बिझनेस फुकट आहे, वेगळं सिम घेऊन त्यावर टाकलं, रात्री नऊनंतर आपोआप उत्तर जातं की तातडीचं असेल तर फोन करा. फ्लूच्या लसीचा निरोप ब्रॉडकास्टने पाठवला तर चाळीसेक लोकांनाच पोचला, कारण ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो जातो, आणि एका यादीत २५६ च बसतात. आता पेशंट उठायच्या आधी काका त्यांच्या फोनमध्ये नंबर सेव्ह करून देतात.

ऑनलाइन अपॉइंटमेंट पूर्ण फसली. साडेसहाची वेळ घेतलेले एक पेशंट सव्वासातला आले, बरोबर बायको, "आलोच आहे तर हिचा गुडघा पण बघा". तीन आठवड्यांत बंद केलं. आता टोकन आहे, आणि कितवा नंबर चालू आहे ते फोनवर दिसतं, लोक घरी चहा पिऊन येतात. दाराबाहेर चपला ठेवून नंबर लावणं मात्र बंद झालेलं नाही, ते होईल असं मला वाटतही नाही.

पहिल्या वर्षाचा खर्च, वरचे आकडे धरून ८४ हजार ४६०, फिल्म आणि सिम किरकोळ. पेशंटमागे वेळ पुन्हा सहा-सात मिनिटांवर आलीये, त्याला नोव्हेंबर उजाडला. दर रविवारी एक्सेलची फाइल पासवर्ड लावून दोन वेगळ्या डिस्कवर घेते, एक घरी, एक बँकेत. २०१५ विसरले नाहीये.

राहिले जुने पेपर. ॲडमिट पेशंटची कागदपत्रं तीन वर्षं ठेवा असं मेडिकल कौन्सिलचे २००२ चे नियम सांगतात, ओपीडीबद्दल तेवढं स्पष्ट नाही, म्हणून मी सगळेच ठेवलेत. रद्दीत मात्र घालणार नाही, मध्यंतरी मला भेळेच्या पुडीला कोणाचा तरी लिपिड प्रोफाइल मिळाला होता, नावासकट. पुरानंतर रॅक तळमजल्यावरून माळ्यावर नेली. खाली जी जागा मोकळी झाली तिथे काकांनी स्वतःची खुर्ची आणि लॅपटॉपचं टेबल लावून घेतलंय. पेशंट दारात दिसला की नाव ऐकायच्या आधी नंबर टाइप झालेला असतो.